दोन अशोक

उज्जयिनीचे नाव निघाले की कालिदास आठवतो, आणि कालिदासामागून अशोक. ‘मालविकाग्निमित्रा’त राजोद्यानातील अशोक फुलेना, तेव्हा धारिणी राणीऐवजी मालविका त्याला पादप्रहार करते, ही कथा पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु ते नाटक वाचून कोणी आजच्या उज्जैनमध्ये अशोक पाहावयास निघाला, तर त्याला बहुधा कुंपणालगतचे उंच, सरळ, खाली झुकल्या पानांचे वृक्ष दाखविले जातील. त्यांना कितीही लाथा मारल्या तरी तांबडे फूल येणार नाही!

हा दुसरा अशोक सीताफळाच्या कुळातला. त्याचे मूळ दक्षिण भारतात व श्रीलंकेत. पान एकेकटे, लांब, नागमोडी कडांचे. फूल हिरवट, चटकन न दिसणारे. झाड जागा थोडी अडविते, म्हणून शहरोशहरी त्याची लागवड झाली आणि त्याच्या अस्तित्वाची काळजी कोणाला करावी लागत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? नाव माणसांनीच दिले.

खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, हा चिंचेच्या कुळातला. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या अनेक जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मलूल लोंबणारी. फुलांचे घोस आधी नारिंगी, मग लाल होतात. त्यांना पाकळ्या नसतात, रंग असतो तो निदलांचा. सह्याद्रीतील ओढ्याकाठची दमट राने हे त्याचे एक घर. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला बागेची सावली नि पाणी लागते. कालिदासानेही तो उद्यानातच उभा केला आहे.

त्याचे वैर त्याच्या गुणाशी आहे. स्त्रीरोगांवरील अशोकारिष्टासाठी त्याची साल काढतात. बुंध्याभोवतीची सगळी साल गेली की झाड मरते. राने तुटली ती वेगळीच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने १९९८ साली त्याला ‘असुरक्षित’ जातींत गणले. खरी साल दुर्मीळ झाल्याने दुसऱ्या अशोकाची साल तिच्यात मिसळली जाते. म्हणजे रानात झाड जाते आणि रोग्याला औषधही मिळत नाही.

रोपवाटिकेत ‘अशोक’ मागणाऱ्याने म्हणून पान पाहावे. एकेकटे नागमोडी पान असेल तर ते रोप परत द्यावे. सीतेच्या अशोकाची चपटी शेंग मिळाल्यास बी ताजेच पेरावे, आणि रोपाला पहिले उन्हाळे सावलीत काढू द्यावेत.