सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रासायनिक कारखान्यात स्फोट झाला किंवा विषारी वायू वस्तीत पसरला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘अपघात’ हा शब्द ठरलेला असतो. आणि त्याच्या पाठोपाठ ‘मानवी चूक’ हे त्याचे स्पष्टीकरणही. या दोन शब्दांनी प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. अपघात म्हणजे दैवाचा घाला, आणि मानवी चूक म्हणजे रात्रपाळीच्या कोणा कामगाराने भलताच व्हॉल्व्ह फिरवला. दैवावर खटला भरता येत नाही, आणि तो कामगार बहुधा त्याच स्फोटात गेलेला असतो. राहतो तो मालक, आणि त्याचे नाव या दोन्ही शब्दांत कोठेच येत नाही. म्हणून या प्रश्नाची चर्चा शब्दांपासून नव्हे, वस्तुस्थितीपासून सुरू केली पाहिजे.

भोपाळचे उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे चाळीस टन मिथाईल आयसोसायनेट होते. पाण्याशी संयोग होताच त्याचे तापमान व दाब वाढत गेला आणि काही तासांत विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू या गळतीशी निगडित असल्याचे मान्य केले. पीडितांच्या संघटनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. पाणी कसे शिरले याविषयी कंपनीने एका असंतुष्ट कामगाराकडे बोट दाखवले. क्षणभर तो दावा खरा धरू. तरीही खरा प्रश्न उरतोच : पाणी शिरल्यानंतर वायू बाहेर पडू नये म्हणून जी व्यवस्था होती, तिचे काय झाले?

टाकी थंड ठेवणारे शीतकरण संयंत्र १९८४ च्या जूनपासून बंद होते आणि त्यातील शीतकही काढून घेतले होते. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. उरलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी तोडलेली होती. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते. यांतील एकही गोष्ट त्या रात्री घडलेली नाही. हा कारखाना तोट्यात होता. कीटकनाशकाची मागणी घटली होती. म्हणून खर्चकपात सुरू होती. एमआयसी विभागातील माणसे निम्म्यावर आणली होती आणि रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचे पदही रद्द झाले होते. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून गंभीर त्रुटी नोंदवल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने धोक्याचा इशारा छापून शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला होता. इशारा नव्हता असे कोणाला म्हणता येणार नाही. इशारा ऐकण्याचा खर्च कोणाला करावयाचा नव्हता, एवढेच.

हा दोष केवळ मागासलेल्या देशांचा आहे असा समज कोणी करून घेऊ नये. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनच्या कारखान्यात स्फोट होऊन अठ्ठावीस माणसे गेली. तेथे सहा रिॲक्टरांपैकी एकाला तडा गेला होता. उत्पादन थांबू नये म्हणून तो काढून त्याच्या जागी तात्पुरती नळी बसवली गेली, आणि तिचा रीतसर आराखडाही तयार झाला नव्हता. त्या वेळी कारखान्यातील मुख्य यांत्रिक अभियंत्याची जागा रिकामी होती. इटलीतील सेव्हेसो येथे १९७६ मध्ये डायॉक्सिन पसरले, आणि त्यातून १९८२ साली युरोपात मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र निर्देश तयार झाला.

आता आपल्याकडचे ताजे उदाहरण पाहा. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि बारा माणसे मरण पावली. टाळेबंदीत कारखाना बंद, टाकी मात्र भरलेली. शीतकरण रात्री बंद ठेवले जात होते, तापमान फक्त टाकीच्या तळाशी मोजले जात होते, आणि स्टायरीनची आपोआप होणारी अभिक्रिया रोखणारे द्रव्य पुरेसे नव्हते. भोपाळनंतर पस्तीस वर्षे उलटली होती. साठवण तशीच मोठी, आणि शीतकरण तसेच बंद!

याचे कारण यंत्रशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे. शीतकरण बंद केल्याने वाचलेले पैसे दर महिन्याच्या हिशेबात दिसतात, आणि ते वाचवणाऱ्या व्यवस्थापकाची पाठ थोपटली जाते. न झालेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात जमेच्या बाजूला दाखवता येत नाही. शिवाय अपघात झालाच, तर त्याची किंमत मोजतो कोण? १९८९ च्या तडजोडीत भोपाळची भरपाई ४७ कोटी डॉलर ठरली आणि बहुसंख्य पीडितांच्या हाती प्रत्येकी पंचवीस हजार रुपये पडले. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. नफा खाजगी आणि धोका सार्वजनिक, ही वाटणी आहे तोवर काटकसर नेहमी सुरक्षिततेपासूनच सुरू होणार.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रसायन-अभियंत्याने १९७८ मध्येच मूलभूत विचार मांडला : धोकादायक द्रव्याभोवती पहारे वाढवण्यापूर्वी त्याचा साठा कमी करता येतो का, ते टाळताच येते का, हे प्रथम पाहावे. भोपाळमध्ये तयार होणारे कीटकनाशक त्याच कच्च्या मालातून, केवळ अभिक्रियांचा क्रम बदलून, मिथाईल आयसोसायनेट निर्माण न करताही बनवता येत होते. दुसरे, कारखान्यातील कोणताही बदल, मग ती एक नळी का असेना, लेखी तपासणीशिवाय होऊ नये. तिसरे, थोडक्यात टळलेल्या प्रत्येक दुर्घटनेची नोंद व्हावी, आणि ती करणाऱ्याला शिक्षा होऊ नये. ज्या कारखान्यात वाईट बातमी वर पोहोचत नाही, तेथे ती शेवटी स्फोटाच्या रूपानेच पोहोचते.

कायद्याचे काय? भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन मालकावर धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देण्याचे बंधन आले, धोकादायक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली आहे. या संहितेत सुरक्षा समिती सरकारच्या आदेशावर अवलंबून ठेवली आहे. ‘स्थापन केलीच पाहिजे’ आणि ‘सरकार आदेश देऊ शकेल’ या दोन वाक्यांतील अंतर कामगाराच्या जिवाएवढे आहे, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट होऊन बारा माणसे गेली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यातील रिॲक्टरचा स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. दोन्ही वेळा तीच मागणी पुढे आली : कारखाने हलवा. रहिवाशांची भीती खरी आहे, आणि कारखाना हलला तर चूल विझेल ही कामगाराची भीतीही तितकीच खरी आहे. या दोन भीतींची झुंज लावून मालक व प्रशासन दोघेही मोकळे होतात. वस्तुतः रिॲक्टर फुटला तर प्रथम मरतो तो कामगार, आणि पुष्कळदा तो जवळच्याच वस्तीत राहणारा असतो. असुरक्षित कारखाना डोंबिवलीहून उचलून दुसऱ्या तालुक्यात ठेवल्याने तो सुरक्षित होत नाही. फक्त मरणाऱ्यांचे पत्ते बदलतात.

येथे कामगार चळवळीनेही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. मागणीपत्रात ‘धोका भत्ता’ असतो. धोका दूर करण्याचे कलम किती वेळा असते? भत्ता घेणे म्हणजे धोक्याची किंमत ठरवून तो विकत देणे होय. शिवाय टाकी धुण्याचे, नळ्या उघडण्याचे सर्वांत जोखमीचे काम कंत्राटी कामगाराकडे जाते. त्याला ना प्रशिक्षण, ना संघटनेचे सभासदत्व. आणि मेल्यावर हजेरीपटावर त्याचे नावही सापडेलच असे नाही. कायम कामगाराच्या सुरक्षिततेचा धागा या माणसाच्या हातात आहे, हे संघटनांनी ओळखले नाही तर सुरक्षा समित्या कागदावरच राहतील.

म्हणून रासायनिक वसाहतींच्या परिसरात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने काही साधे प्रश्न हाती घ्यावेत. कारखान्यात कोणते द्रव्य, किती साठवलेले आहे? शीतकरण, स्क्रबर, धोक्याचा भोंगा आज चालू आहे काय? शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि तिचा अहवाल कामगारांना दाखवला काय? भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने पळायचे, हे वस्तीतील बायामाणसांना ठाऊक आहे काय? मागच्या स्फोटाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला काय? हे प्रश्न विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि स्फोटाची वाट न पाहता ते विचारण्याची शिस्त. स्फोटानंतर निघणाऱ्या मोर्चात सगळेच असतात. स्फोट होण्यापूर्वी कारखान्याच्या फाटकाशी कोण उभे राहते, यावरच चळवळीची किंमत ठरेल.