बारा मिनिटं आणि रुळाचं तापमान
(मंडळाच्या सभेत केलेलं भाषण)

मी वक्ता नाही, रुळांवरचा माणूस. कार्यकारिणीने आग्रह केला म्हणून उभा आहे.

अमेरिकेतल्या डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये एक सोपी चाचणी मांडली. बारा मिनिटांत किती अंतर धावता, ते मोजायचं. जानेवारीत, धावण्याच्या मोसमात, माझे २३०० मीटर झाले. मोसम संपला तरी सराव सोडला नाही. मेमध्ये भरले २०८०, जूनमध्ये २०४०! आठ दिवस बूट कपाटात. सौ.ने विचारलं, तर म्हटलं, गुडघा दुखतोय. (गुडघा ठणठणीत होता.)

नवव्या दिवशी सेक्शनवर लांब वेल्डेड रुळाच्या टोकाची फट मोजत होतो. शेजारच्या रकान्यात रुळाचं तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा आम्ही मानतच नाही. आणि माझ्या वहीत? जानेवारीची चाचणी पहाटेच्या थंडीतली. मे-जूनच्या दोन्ही ड्यूटीहून आल्यावर, बिलासपूरच्या उकाड्यात! उष्म्यात रक्त त्वचेकडे वळतं, घाम जातो, त्याच वेगाला नाडी जास्त पळते. आकडे खरे होते, तुलना चुकीची होती.

आता वहीत वेळ, तापमान आणि झोपेचे रकाने आहेत. ऑगस्टमध्ये पहाटे धावलो, २१५०. जानेवारीपेक्षा कमीच. थोडं वय असेल, थोडी लग्नातली जिलबी.

पुढची चाचणी विसर्जनानंतरच्या रविवारी, पहाटे साडेपाचला. फेऱ्या मोजायला कुणीतरी या.