खुनी बदलला तर बिघडलं कुठं?



निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'अभिजात रहस्यकथा आणि संगणकीय खेळ' असा भारदस्त छापला आहे. तो आयोजकांचा. माझं म्हणणं एवढंच, की रहस्यकादंबरीवर कोड्यांचा खेळ करायचा असेल तर खुनी बदलायची छाती हवी. (हशा) हसून घ्या. धुळ्यात हेच बोललो तेव्हा लोक भांडायला उठले होते. जळगावकर सोशीक. या उन्हाळ्यात दुसरा इलाज तरी काय!

ॲगाथा ख्रिस्ती, शेरलॉक होम्स, बाबूराव अर्नाळकर यांची ओळख करून देत बसत नाही. भूगोलाच्या पुस्तकात लपवून अर्नाळकरांचा झुंझार वाचलेली मंडळीच समोर दिसताहेत. मागे उभी असलेली कॉलेजची मुलं तेवढी सोडून, आणि खरं तर मी त्यांच्याशीच बोलतोय.

अडचण उघड आहे. कादंबरी वाचून झाली की खुनी ठाऊक होतो. मग तिच्यावरचा खेळ घेणाऱ्यानं काय करायचं? माहीत असलेल्या उत्तरापर्यंत पोचायला नुसती कुलपं उघडत बसायचं? ख्रिस्तीबाईंची 'अँड देअर वर नन' ही 1939 सालची. बेटावर दहा माणसं, एकामागून एक मरतात. 2005 मध्ये तिच्यावर खेळ निघाला, त्यात अकरावा माणूस आला, पाहुण्यांना बेटावर आणणारा नावाडी. खेळणारा म्हणजे तो नावाडी. आणि खुनी चक्क दुसराच! मूळ कोण आणि नवा कोण, ते सांगणार नाही, मला धडधाकट घरी जायचंय. (हशा) चाहते खवळले. पण बाईंनी 1943 मध्ये याच गोष्टीचं नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यांनी स्वतःच शेवट फिरवला होता. कादंबरीत दहांतलं कोणी उरत नाही, नाटकात दोघं वाचतात. लेखिकेनं जे सोवळं पाळलं नाही ते आपण का पाळायचं?

नावाड्याच्या खेळानंतर पुढच्याच वर्षी बाईंच्याच 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'चा खेळ आला. त्यात गुप्तहेर पॉयरोचा पाय दुखावून त्याला डब्यात बसवून ठेवलं आणि धावपळीसाठी रेल्वे कंपनीतली एक तरुणी आणली. पॉयरोला आवाज डेव्हिड सुशेचा. 2023 मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं तीच गाडी थेट आजच्या काळात आणून सोडली.

गाडीवरून आठवलं. आपली ओरिएंट एक्सप्रेस म्हणजे चाळीसगाव–धुळे पॅसेंजर. एकदा शेजारच्या गृहस्थांकडे वाचनालयाचं रहस्यपुस्तक होतं आणि शेवटची पानं गायब. चिडून त्यांनी ते सगळ्या डब्याला वाचून दाखवायला घेतलं. वाडा, म्हातारा जमीनदार, विषारी चहा, डॉक्टर, पुतण्या, नोकर, ठरलेला सरंजाम. शिरूड गेलं आणि पानं संपली. आता खुनी कोण? गवारीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "डाक्टरच शे तो! मी सांगस ना!" का? तर आधी तो म्हणतो मी जेवलो नाही, आणि पुढच्याच प्रकरणात ढेकर देतो. गृहस्थांनी पानं मागं उलटली. ढेकर होती! निवृत्त तलाठी म्हणाले, ढेकरीवर कोणी फाशी जात नाही, म्हातारा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागतं ते बघा. पुतण्याचं. सुट्टीवर आलेल्या जवानानं नोकराला धरलं, कारण कुत्रा भुंकला नाही. ही होम्सची उसनवारी, पण ती त्याला कुठं ठाऊक! धुळे आलं, गाडी रिकामी झाली, आमचा डबा काही उठेना. झाडूवाला आत आला आणि म्हणाला, आधी सांगा, चहा केला कोणी? (प्रचंड हशा) तोही बसला. तिघांनी तीन खुनी सिद्ध केले, आणि पुरावे सगळे त्याच फाटक्या पुस्तकातले. लेखकाचा खुनी कोण होता, कोणाला...

(अध्यक्षांची चिठ्ठी येते.)

पाच मिनिटं? 1982 साली 'डेडलाइन' नावाचा नुसत्या मजकुराचा खेळ निघाला, त्यातसुद्धा खून उलगडायला बारा तास मिळत. डिस्कवर मजकूर मावेना म्हणून जबान्या आणि पुरावे छापून खोक्यातच घातले होते. त्यावर बोलायचं होतं. राहिलं.

पहिल्या रांगेतून काका विचारताहेत, मग 'श्यामची आई'चाही शेवट बदलणार का? काका, साने गुरुजी अमळनेरचे शिक्षक, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेतलेले. त्यांच्या पुस्तकाला हात लावायची माझी टाप नाही, तीही जळगावात! (टाळ्या) पण 'फास्टर फेणे' घ्या. 2017 च्या चित्रपटात नायक बनेश मोठा झाला, गुन्हा आजच्या पुण्यातला आला, लेखक भा. रा. भागवत स्वतः पात्र होऊन भेटले. पोराची खोड तेवढी जपली. लोकांनी मनावर घेतलं नाही.

खुनी बदलायला माझी अट एकच, आणि ती कडक आहे. जुने पुरावे जसेच्या तसे राहिले पाहिजेत आणि नवा खुनी त्यांत बसला पाहिजे. ख्रिस्तीबाईंकडे हे जमतं, कारण त्यांच्याकडे संशयाला जागा प्रत्येकाजवळ असते. युक्रेनच्या फ्रॉगवेअर्स कंपनीनं 2014 मध्ये होम्सवर खेळ केला, त्यात पुरावे जुळवून चुकीच्या माणसालाही गुन्हेगार ठरवता येतं, आणि गोष्ट न अडखळता पुढं जाते. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

अर्नाळकरांचं गणित वेगळं. हजाराच्या वर रहस्यकथा, पण आपण त्या वाचताना कोडं सोडवत नव्हतो, झुंझारच्या मागं धावत होतो. तिथं खुनी बदलून काही हाती लागणार नाही. तिथं खेळणाऱ्याला वेषांतर द्या. कोणासमोर कोणता वेष, कोणती बोली, हेच कोडं. चुकलात की पकडले गेलात.

मुलांनो, चित्रं नंतर काढा. कोणाला काय, केव्हा कळलं, याचा तक्ता आधी करा. आणि हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. होम्सचा लेखक डॉयल 1930 मध्ये गेला, तो मोकळा. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, म्हणजे 2056 संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार. त्यांना सविस्तर पत्र लिहा. फक्त, फेरफार करणार हे पहिल्याच ओळीत लिहू नका. (हशा)

धुळ्याच्या पाहुण्यांचा हात मघापासून वर आहे. तुमची शेवटची बस किती वाजता? मग भांडण बाहेर, चहापाशी.