मसाज कुठला, कशासाठी आणि कधी नाही?

मान खाली घालून फोनकडे बघत हे ऐकत असाल, तर आधी जरा सरळ बसा. आजचा विषय त्या मानेचाच आहे. स्पाच्या मेनूकार्डवर दहा नावं असतात, दर तर विचारूच नका. मग त्यातलं आपण घ्यायचं काय?

सुरुवात घरापासून करू. दिवाळीच्या पहाटे आई पाठीला तेल लावते, तो अभ्यंग. बाळाची आणि बाळंतिणीची मालिश करायला बाई येते, तीही त्यातलीच. कोमट तेल, बहुतेकदा तिळाचं, आणि हात संथ. कोरड्या त्वचेला मऊपणा येतो, अंग सैलावतं. आठवड्यातून एकदा स्वतःच्या हाताने केलंत तरी चालतं, खर्च जवळपास शून्य.

आता स्पाकडे वळू. कधीच मसाज घेतला नसेल, तर स्वीडिश घ्या. लांब सरकते हात, कणीक मळल्यासारखं मळणं, हलक्या थापट्या. ताण उतरतो, झोप बरी लागते. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाशी तो जोडला जातो, पण त्यातल्या हातांच्या क्रियांना आज वापरतात ती नावं दिली नेदरलँड्सच्या योहान मेझगर यांनी.

डीप टिश्यूमध्ये दाब जास्त आणि गती कमी. दिवसभर लॅपटॉपवर बसून खांद्यात गाठी झाल्यासारखं वाटतं, तिथे हा बरा. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकेल. पण "दुखलं तरच गुण येतो" हे खरं नाही. फार दुखलं की स्नायू उलट आखडतो. तेव्हा बिनधास्त सांगा, "दाब कमी करा."

थाई मसाजला तेल लागत नाही. सैल कपडे घालून गादीवर झोपायचं आणि समोरचा माणूस तुमचे हातपाय ताणतो, जणू कोणी दुसराच तुमच्याकडून योगासनं करून घेतोय. बँकॉकचं वाट फो मंदिर यासाठी प्रसिद्ध आहे, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारसा यादीत घेतली. अंग आखडलेल्यांना उत्तम. जपानी शियात्सूही कपड्यांवरूनच; 'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब.

जिमवाल्यांनो, तुमच्यासाठी स्पोर्ट्स मसाज. आपल्या तालमीत पैलवान कसरतीनंतर एकमेकांचं अंग रगडतात ना, तेच सूत्र. व्यायामानंतरची ठणक थोडी कमी होते. पण "लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं" हे सोडा. ते शरीर तासाभरात स्वतःच निस्तरतं. तसंच मसाजने चरबी वितळत नाही, आणि 'टॉक्सिन' बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

बरं, आता खरं महत्त्वाचं. इथे स्किप करू नका.

केस कापून झाले की सलूनमध्ये चंपी होते, आणि मग मान धरून कडकन मोडतात. चंपी खुशाल घ्या, मान मोडू देऊ नका. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. अशा झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं, रक्ताची गुठळी होऊ शकते आणि तरुण माणसालाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर आयुष्य बदलतं. "दादा, मान नको," एवढंच म्हणायचं. लाजायचं काय त्यात?

दुसरं, पोटरी. लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा प्लास्टर घातलेलं असताना एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर ती चोळू नका. आत शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ताजी मुरगळ, हाड मोडल्याची शंका, ताप, त्वचेचा संसर्ग, अशा वेळीही मालिश नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाठदुखीबरोबर पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर स्पा नाही, थेट हॉस्पिटल. आणि घरात मसाज गन असेल, तर ती गळ्यावर आणि हाडांवर चालवायची नाही.

शेवटचं. तेल कुठलं, कपडे किती, दाब किती, थांबायचं कधी, हे सगळं तुम्ही ठरवायचं. पैसे दिले म्हणून गप्प पडून राहायचं नसतं.

बस, आज एवढंच. सलूनमध्ये दर वेळी मान मोडून घेणारा एक तरी मित्र तुमचा असेलच, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!