पाइपलाइनचा सांधा : कामाचा दर्जा हा कामगारांचाच प्रश्न

(तंजावर येथे पाइपलाइनवर काम करणाऱ्या मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उरण, पेण, नागोठणे या भागात ज्यांचे हात कामाला तयार झाले, असे आपले कित्येक साथी आज कावेरीच्या खोऱ्यात काम करीत आहेत. तंजावर मराठी माणसाला परके नाही. येथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दगडावरची ती अक्षरे दोनशे वर्षांहून अधिक टिकली. आपण जमिनीत पुरतो ते पोलाद मात्र नीट जपले नाही तर काही वर्षांतच गंजून त्याला भोक पडू शकते. आज आम्ही बोलणार आहोत ते या गंजाविषयी, आणि तो जिथे सर्वांत आधी शिरकाव करतो त्या सांध्याविषयी.

पाइप कारखान्यातून येतो तेव्हा त्यावर तीन थरांचा लेप असतो. आत इपॉक्सी, मध्ये चिकट थर आणि बाहेर पॉलिथिलीन. हे काम कारखान्यात, छपराखाली, यंत्रावर होते. परंतु वेल्डिंगसाठी पाइपची दोन्ही टोके साधारण १५ सेंटिमीटर उघडी ठेवावी लागतात. म्हणजे १२ मीटरच्या पाइपमागे सुमारे ३० सेंटिमीटर पोलाद उघडे राहते. एकूण लांबीच्या हे फक्त अडीच टक्के. एका किलोमीटरला असे ८३-८४ सांधे येतात, शंभर किलोमीटरला आठ हजारांवर. या प्रत्येक सांध्याला लेप चढवावा लागतो तो उन्हात, चिखलात, शेताच्या कडेला, हाताने. साडेसत्त्याण्णव टक्के लेप यंत्राने चढवला आणि अडीच टक्के माणसाच्या हातावर सोडला, अशी ही व्यवस्था आहे. लाइनचे आयुष्य किती, हे बहुतेक वेळा या अडीच टक्क्यांवर ठरते.

आता हे काम कसे व्हावयास हवे ते क्रमाने पाहू. जुन्या साथींना ते पाठ आहे, पण नवीन हेल्परला कोणी सांगत नाही. त्याला फक्त “टॉर्च धर” एवढेच सांगतात.

वेल्डची एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी पास झाल्यावर सांधा आपल्या ताब्यात येतो. प्रथम तेल, माती आणि वेल्डिंगचे उडालेले थेंब काढावयाचे. त्यानंतर ब्लास्टिंग. पृष्ठभाग जवळजवळ पांढऱ्या धातूसारखा दिसला पाहिजे, ज्याला ‘एसए अडीच’ दर्जा म्हणतात. तो नुसता स्वच्छ असून भागत नाही, तर खरखरीतही हवा, कारण गुळगुळीत पोलादावर प्रायमर पकड घेत नाही. शेजारच्या कारखानी लेपाची कडा उतरती करून तीही खरवडून घ्यावयाची. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आहे ना, हे मोजावयाचे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पृष्ठभागावर धरते. मग ठरलेल्या तापमानापर्यंत सांधा तापवून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर बरोबर मापात मिसळून लावावयाचा, आणि त्यावर स्लीव्ह गुंडाळावयाची. टॉर्च मध्यापासून कडांकडे फिरवीत स्लीव्ह आवळून घ्यावयाची, आणि आतली हवा रोलरने बाहेर काढावयाची. दोन्ही बाजूंना कारखानी लेपावर किमान ५० मिलिमीटर चढण हवी. थंड झाल्यावर हॉलिडे टेस्ट, म्हणजे उच्च दाबाची वीज फिरवून कुठे सूक्ष्म भोक राहिले आहे काय ते ठिणगीवरून पाहणे. ठराविक सांध्यांची स्लीव्ह कापून, ओढून पकड तपासणे हेही त्यात आले. काही ठिकाणी स्लीव्हऐवजी द्रवरूप इपॉक्सी किंवा टेप वापरतात. पृष्ठभागाची तयारी मात्र सर्वांना सारखीच लागते.

यातली एक पायरी गाळली तर काय बिघडते? त्याच दिवशी काहीच बिघडत नाही. हीच या कामाची अडचण आहे. वायर ब्रश मारून बसवलेली स्लीव्हसुद्धा वरून तितकीच काळी आणि चकचकीत दिसते. हॉलिडे टेस्टमध्ये ती पासही होऊ शकते, कारण ती टेस्ट भोक शोधते, पकड मोजत नाही. दोन-चार पावसाळ्यांनंतर कडेतून पाणी शिरते आणि स्लीव्ह आतून सुटत जाते.

येथे कोणी म्हणेल की, लाइनला कॅथोडिक संरक्षण आहे, मग चिंता कशाला? बाहेरून सूक्ष्म विद्युत प्रवाह देऊन पोलादाचा विभव, तांबे-तांबे सल्फेटच्या मापक इलेक्ट्रोडशी ताडून, उणे ८५० मिलिव्होल्टच्या खाली ठेवला की गंज थोपतो, हे खरे आहे. लेपाला भोक असेल तर प्रवाह त्या भोकातून पोलादापर्यंत पोचतो आणि आपले काम करतो. पण सुटलेली स्लीव्ह भोकासारखी नसते. ती छत्रीसारखी असते. तिच्या खाली पाणी जाते, मात्र प्रवाह पुरेसा पोचत नाही, कारण पॉलिथिलीन विजेला अडवते. जमिनीवरून घेतलेले वाचन बरोबर येते, ऑफिसातला तक्ता बरोबर दिसतो, आणि खाली पोलाद झिजत असते. म्हणून लेप अजिबात नसलेल्या सांध्यापेक्षा वाईट लेपाचा सांधा कधी कधी जास्त धोक्याचा ठरतो.

याचे उदाहरण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सांता बार्बरा परिसरात मिळाले. १९ मे २०१५ रोजी तेथे तेलाची लाइन फुटली आणि सुमारे २,९३४ पिंपे तेल सांडले. सरकारी चौकशीत असे निघाले की, पाइपवरील आवरणाखाली ओल शिरून बाहेरून गंज चढला होता, आणि कॅथोडिक संरक्षण त्या आवरणाखाली परिणामकारक ठरले नव्हते. पाइपच्या आतून फिरणाऱ्या तपासणी यंत्राने झीज प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी दाखवली होती. यंत्रे, पैसा, तज्ज्ञ, कशाचीही कमतरता नसलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

आपल्या देशातले उदाहरण आंध्र प्रदेशातील नगरम् गावाचे. २७ जून २०१४ रोजी पहाटे तेथे गेलची गॅस लाइन फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो गंज आतला होता. कोरड्या गॅससाठी असलेल्या लाइनमधून पाणी मिसळलेला गॅस जात होता. बाहेरच्या लेपाने तो थांबला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गंज आतला असो की बाहेरचा, त्याची किंमत कोण देतो ते नगरम्‌ने दाखवून दिले. लाइनच्या शेजारी झोपलेल्या माणसाने ती दिली.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या जिल्ह्याकडे येऊ. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली माती म्हणजे चिकण गाळ. ओली चिकणमाती वीज चांगली वाहते, म्हणजेच गंजालाही चांगली वाट देते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि पाण्याने फुगते. असे वर्षानुवर्षे होताना ती लेपाला धरून ओढते. ज्या स्लीव्हची पकड कच्ची आहे, ती या ओढीने सुरकुतते आणि सरकते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. त्याआधी मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की कालवे, पाट, शेते भरलेली. कुरुवै, सांबा, थालडी अशी भाताची पिके एकामागून एक. चर खणला की त्यात पाणी येते. अशा जमिनीत सांध्याचे काम महाराष्ट्राच्या कातळापेक्षा अवघड आहे. त्याला वेळ जास्त लागतो आणि तो वेळ कामाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

याच तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलम् गावात ३० जून २०१७ रोजी ओएनजीसीच्या लाइनमधून कच्चे तेल गळून शेतात पसरले. गावकरी जमले, पोलिसांनी लाठीमार केला, अटका झाल्या आणि आंदोलन पुढे कित्येक महिने चालले. १९६२च्या पाइपलाइन कायद्याने शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर राहते, पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. वापराचा हक्क दुसऱ्याचा आणि धोका त्याचा. अशा शेतकऱ्याच्या रागाला उत्तर देण्यासाठी कामगाराला पुढे उभे करण्याचा प्रयत्न होतो. “हे तुमचा रोजगार बुडवायला निघाले आहेत,” असे आपल्याला सांगितले जाते. आपण त्याला बळी पडता कामा नये. आपण चांगला सांधा केला तर त्याचे शेत वाचते, आणि त्याने चांगल्या सांध्याचा आग्रह धरला तर आपल्याला नीट काम करावयास वेळ मिळतो. यात भांडण कोठे आहे?

तमिळनाडू सरकारने २०२० साली कायदा करून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम् हे जिल्हे आणि कडलूर व पुदुक्कोट्टै यांचे काही भाग संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले. नव्या तेल-वायू शोधाला तेथे बंदी आहे. आधीपासून चालू असलेल्या लाइनी मात्र जमिनीत आहेत आणि राहणार आहेत. त्या दर वर्षी जुन्या होत आहेत. तेव्हा सांधे उकरणे, जुना लेप काढणे, गंज मोजणे आणि नवा लेप चढवणे हे काम येथे दीर्घकाळ चालणार आहे. हे नव्या लाइनपेक्षा नाजूक काम आहे, कारण पाइपमध्ये त्या वेळी माल वाहत असतो. त्यामुळे पाइप पाहिजे तसा तापवता येत नाही आणि थंड पोलादावर ओल धरते.

आणि हे काम करतो कोण? कंपनी मुख्य कंत्राटदाराला काम देते, तो पोटकंत्राटदाराला, आणि तो गुत्त्यावर टोळीला. सांध्यामागे दर ठरतो. जितके सांधे जास्त तितका पैसा. दवबिंदू मोजण्याचा, पाऊस थांबण्याची वाट पाहण्याचा पैसा कोणी देत नाही. आमच्याकडे आलेली एक तक्रार सांगतो. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून ब्लास्टिंग सोडून नुसता ब्रश मारा आणि स्लीव्ह चढवा, असे फोरमनने सांगितले. आपल्या एका साथीने नकार दिला. दुसऱ्या दिवशी मस्टरवर त्याचे नाव नव्हते. त्याच्या जागी आलेल्या मुलाने ब्रश मारला. त्या मुलाला आम्ही दोष देणार नाही. त्याच्या घरीही चूल आहे. पण तो सांधा आज कोणाच्या तरी शेताखाली आहे.

कामगाराच्या शरीराचाही प्रश्न याला जोडलेला आहे. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरली तर तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९च्या नियमांनी अशा ब्लास्टिंगमधील वाळूला बंदी घातली. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून हे काम चाललेले आम्ही पाहिले आहे. पोलादी ग्रिट, गार्नेट किंवा तांब्याचा स्लॅग हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र त्यांचीही धूळ असतेच, म्हणून ताज्या हवेचा हूड लागतोच. इपॉक्सी उघड्या हाताला लागत राहिली की कातडीला कायमची ॲलर्जी होते. चराच्या बाजू न बांधता खाली उतरलेला माणूस माती ढासळून गाडला जातो. घाई सांध्याला मारते तशीच माणसालाही मारते.

कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा यांच्या जागी आता व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० ची संहिता आली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या संहितेविषयी कामगार चळवळीचे आक्षेप आहेत, ते वेगळ्या वेळी मांडू. पण गंभीर व तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क तिच्यात नमूद आहे. तो वापरावयाचा तर एकट्याने नव्हे, युनियनमार्फत आणि लेखी.

म्हणून आम्ही पुढील मागण्या आपल्यासमोर ठेवतो.

१) सांध्याच्या कामाला सांध्यामागे दर नको, दिवसाचा पगार हवा. पावसाने काम थांबले तरी हजेरी धरली जावी.

२) तापमान, दमटपणा आणि पृष्ठभागाची तपासणी मापात नसेल तर टोळीला काम थांबवता यावे, आणि त्याबद्दल कोणालाही कामावरून काढू नये.

३) लेप चढवणाऱ्या प्रत्येक कामगाराला खर्चासह प्रशिक्षण व परीक्षेचे प्रमाणपत्र मिळावे. वेल्डरला मिळतो तसा कुशल कामगाराचा दर्जा व वेतन त्याला मिळावे.

४) प्रत्येक सांध्याची नोंद ठेवावी आणि तिची प्रत युनियनला द्यावी. त्या नोंदीत कामगाराच्या नावाबरोबर हुकूम देणाऱ्याचेही नाव असावे.

५) ब्लास्टिंगला वाळू बंद करावी. हूड, हातमोजे, चराला आधार आणि दर वर्षी छातीची तपासणी द्यावी. ही तपासणी कामगार काम सोडून गेल्यावरही व्हावी, कारण रोग उशिरा दिसतो.

६) लाइन ज्या गावांतून जाते त्या ग्रामपंचायतींना तपासणीचे निष्कर्ष त्यांच्या भाषेत कळवावेत.

साथींनो, वेतनवाढ आणि बोनस यांच्या लढाया आपण लढतोच आणि लढणारच. कामाचा दर्जा हा व्यवस्थापनाचा विषय आहे, असे समजून आपण तो आजवर त्यांच्यावर सोडून दिला. पण चर बुजवल्यावर खाली काय आहे, हे इन्स्पेक्टरपेक्षा आपल्याला जास्त माहीत असते. ही माहिती आपली ताकद आहे. ती गावाच्या बाजूने आणि आपल्या पोरांच्या फुप्फुसांच्या बाजूने वापरावयाची, असा निर्धार करून येथून जाऊ या. उद्या साइटवर गेल्यावर पहिल्या सांध्यापासून सुरुवात करा. पृष्ठभाग तयार नसेल तर स्लीव्ह चढवू नका, आणि जो साथी थांबेल त्याच्या पाठीशी सगळी टोळी उभी राहू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!