तेलावर तरंगणारा देश कसा बुडाला?

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)

मी डिप्लोमावाला रेल्वेचा माणूस, अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. पण आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी व्हेनेझुएलावरून नेहमी वाद होतो. एक गट म्हणतो, समाजवादाने देश बुडवला. दुसरा म्हणतो, अमेरिकेच्या निर्बंधांनी. मला त्यात आपल्या रोजच्या कामातली गोष्ट दिसते, ती म्हणजे मेंटेनन्स.

जगातला सर्वांत मोठा तेलसाठा, सुमारे ३०० अब्ज बॅरल, या देशाच्या नावावर आहे. पण ओरिनोको नदीच्या पट्ट्यातले हे तेल डांबरासारखे घट्ट. त्यात पातळ तेल मिसळावे, नाहीतर खास कारखान्यात ते हलके करावे, तेव्हा कुठे ते जहाजात चढते. म्हणजे पैसाही हवा आणि जाणती माणसेही हवीत.

माणसांचे काय झाले? ह्यूगो चावेझ १९९९ साली अध्यक्ष झाले. २००२ च्या डिसेंबरात 'पेदेवेसा' या सरकारी तेल कंपनीत त्यांच्याविरुद्ध संप झाला. तो मोडल्यावर सुमारे १८,००० लोकांना घरी पाठवले. संप राजकीय होता, हे मान्य. पण विहिरी आणि रिफायनऱ्या वर्षानुवर्षे सांभाळलेले इंजिनिअर, फोरमन एका झटक्यात गेले. जुने पीडब्ल्यूआय आणि मुकादम एकदम गेले तर सेक्शनचे काय होईल, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगावे?

तरी लोकांना झळ लागली नाही, कारण तेलाचा भाव चढत गेला. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंत तो बॅरलला शंभर डॉलरच्या घरात होता. त्या पैशातून गरीब वस्त्यांत दवाखाने निघाले, क्यूबाचे डॉक्टर आले, गरिबी खरोखरच कमी झाली. ते नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र कंपनीलाच घरे बांधायला आणि धान्य आणायला लावले. दुरुस्तीचा नंबर शेवटी. पडत्या काळासाठीचा राखीव निधीही केव्हाच रिकामा झाला होता.

त्यातच २००३ पासून डॉलरवर सरकारी नियंत्रण. वशिलेवाला स्वस्तात डॉलर घेई आणि काळ्या बाजारात विकी. वस्तूंचे भाव सरकारने इतके कमी बांधले की शेतकऱ्याला पिकवणे परवडेना. मग सगळेच बाहेरून आणायचे! २०१६ च्या सुरुवातीला तेल तीस डॉलरच्याही खाली गेले, आयात आटली, सरकारने नोटा छापल्या. २०१८ ची महागाई त्यांच्याच मध्यवर्ती बँकेच्या हिशेबाने १ लाख ३० हजार टक्क्यांवर. सत्तर लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला.

आता निर्बंध. कर्जावरचे २०१७ च्या ऑगस्टात आले, थेट तेलावरचे २०१९ च्या जानेवारीत. एके काळी रोज तीस लाख बॅरलच्या वर निघणारे तेल त्याआधीच निम्म्याहून खाली आले होते. निर्बंधांनी उरलेसुरले कंबरडे मोडले, हेही खरेच. आपल्या ओएनजीसी विदेशचा तिथल्या सान क्रिस्तोबाल क्षेत्रात ४० टक्के वाटा आहे. त्याचा लाभांश वर्षानुवर्षे अडकून पडला.

७ मार्च २०१९ ला जवळजवळ सगळा देश अंधारात गेला. सरकार म्हणाले, हा अमेरिकेचा हल्ला. तिथल्या अनेक वीज इंजिनिअरांचे म्हणणे वेगळे होते. गुरी धरणाकडून येणाऱ्या ७६५ केव्ही लाईनखाली वाढलेली झुडपे कापलीच नव्हती आणि त्यांनी पेट घेतला. मला हेच जास्त पटते.

रेल्वेवाल्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. २००९ मध्ये तिनाको ते अनाको या साडेचारशे किलोमीटरहून लांब मार्गाचा करार चिनी कंपनीशी झाला. किंमत ७.५ अब्ज डॉलर, गाडी धावायची २०१२ ला. पैसे थकले, चिनी साहेबलोक निघून गेले. मार्गावरच्या सारासा गावाजवळ या कामासाठी कारखाना उभारला होता. त्याचे पत्रे, जनरेटर आणि तांब्याच्या तारा लोकांनी काढून नेल्या. मार्ग अर्धवटच राहिला.