ऑपरेशननंतरची नाडी

बायपास, झडप बदलणं हे शब्द आता गटाच्या बैठकीतही कानावर येतात. ऑपरेशन झालं की घरचे टाक्यांची चौकशी करतात, नाडीची कुणी करत नाही. म्हणून आज आपण नाडीबद्दल बोलू.

हृदयाच्या ऑपरेशननंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. नाडी भरभर आणि वेडीवाकडी पडते. डॉक्टर याला एएफ म्हणतात. शंभरातल्या साधारण 20 ते 40 रुग्णांना हे होतं. पुष्कळांचं काही दिवसांत ताळ्यावरही येतं. पण थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा मारतो.

अमेरिकेतल्या 20 हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास 2024 साली छापून आला. त्यात हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना कमी झालेला दिसला. पण ज्यांना झाला, त्यांच्यात पुढे दगावण्याचा धोका पुरुषांपेक्षा बायकांचा जास्त वाढला. म्हणजे कमी जणींना होतो म्हणून निवांत राहायची सोय नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी घसा दुखून, मग सांधे सुजून ताप येतो, त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि हे दुखणं बायकांत जास्त. अशा बाईचा ठोका ऑपरेशनआधीच चुकत असतो. तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या लागतात. त्या मनाने बंद करू नयेत, आयएनआरची तपासणी चुकवू नये, पालेभाजी एकदम वाढवू किंवा सोडू नये. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात.

दम लागतो, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, असं बाई म्हणाली की घरात उत्तर ठरलेलं, ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे.’ त्याआधी नाडी बघा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, वेडी नाडी त्यात फसवते. सासूबाईंनी मोजली तर उत्तमच! बसल्या जागी 100 च्या वर असेल किंवा ठोके चुकत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच 108.

पुढच्या बैठकीला आम्ही घड्याळ घेऊन येतोय. जिचं ऑपरेशन झालंय, तिने डिस्चार्जचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणावीत.